चाळीस सेकंद उशिराची शर्यत

काटेकाका घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग चिकटवून बसले की समोर गिऱ्हाईक उभं आहे की खांब, हे त्यांना कळत नाही. लेक आठ वर्षं शर्यतीत पळते आहे, पण दुकान सोडवत नाही म्हणून काकांनी तिची एकही शर्यत पाहिलेली नाही. या वेळी मोठी स्पर्धा इंटरनेटवर थेट दाखवणार होते. काकूंनी निर्वाणीचं सांगितलं, "आज बघितली नाहीत, तर ताटात घड्याळंच वाढीन."

प्रश्न होता, बघायची कशावर? काकांचा फोन फक्त वाजायचा. मेव्हण्याने टॅब आणला, शेजारच्या सलूनवाल्याने आपला तडा गेलेला फोन पुढे केला. काकांनी दोन्हींवर सुट्या भागांच्या यादीची एकच वेबसाइट उघडली आणि भिंग लावून तपासणी सुरू केली.

"दाजी, पोरगी बघायचीय, स्क्रू नाही," मेव्हणा म्हणाला.

"जिथे अक्षर दिसतं तिथे माणूस दिसतोच!"

फोनवर एक ओळ वाचायला पान डावी-उजवीकडे ढकलावं लागत होतं. टॅबवर अख्खी यादी ऐसपैस बसली होती, बारीक आकडेही रेखीव. टॅब पसंत पडला. सलूनवाला नाक मुरडत फोन घेऊन गेला.

दुपारी आठशे मीटरची शर्यत लागली. टॅबवर चित्र असं, की लेकीच्या बुटाच्या नाडीची गाठसुद्धा दिसावी. दुसऱ्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढे निघाली. काका स्टुलावरून अर्धे उठले, तोच भिंतीपलीकडून सलूनवाला ओरडला, "काका, दुसरी! पोरगी दुसरी आली हो!"

काकांनी टॅबकडे पाहिलं. ती अजून पहिलीच होती.

"चित्र फार झकपक ठेवलंय ना, ते त्याच्या फोनपेक्षा मागून येतं," मेव्हणा पुटपुटला. "असेल चाळीसएक सेकंद."

एका सेकंदाचा फरक खपवून न घेणारा माणूस, आणि चाळीस! पण काका चिडले नाहीत. त्यांनी हळूच बोट टेकवून चित्र थांबवलं. लेक पुढे, बाकीच्या मागे.

"राहू दे असंच."

काकूंनी टॅब त्यांच्या हातातून काढून घेतला. "सरका तिकडे. दुसरी आलेलीसुद्धा माझीच आहे, मला बघायचीय."

चित्र पुन्हा पळू लागलं. आणि निकाल ठाऊक असूनही काकांनी "पळ गं बाई, पळ!" करत अख्खी गल्ली गोळा केली.