पाहुण्यांपुढे 'बंद' म्हणायचं नाही

नाव : दिगंबर घाडी. राहणार : मनवेलपाडा, विरार पूर्व. व्यवसाय : वालीव येथील कारखान्यात लेथ कामगार. कारखान्याची स्थिती, गेटावरील नोटिशीनुसार : 'उत्पादन तात्पुरते स्थगित.'

त्याच्या बायकोच्या, जयवंतीच्या, घरात दिवा विझत नसे, शांत होई. कुंकू संपत नसे, वाढे. फुटलेली बांगडीही वाढलेलीच असे. कारखान्यासाठी मात्र तिला असा शब्द सापडेना. आज नालासोपाऱ्याहून त्यांच्या मुलीला, पिंकीला, पाहायला माणसं येणार होती. "त्यांच्यापुढे 'बंद' म्हणू नका हं," तिने पुन्हा बजावलं. दिगंबर दार ते खिडकी येरझाऱ्या घालत होता.

मुलाच्या वडिलांनी चहा घेता घेता विचारलं, "मग, कारखाना काय म्हणतो?"

"जरा विसावलाय," जयवंती घाईने म्हणाली.

"कारखाना की हे?" दिगंबरकडे बघत पाहुणे हसले.

दिगंबर उठला, खिडकीशी गेला, परत आला. वालीवला कुणालाही विचारलं असतं तरी त्यांना कळलंच असतं, आणि मग बोलणी पोरीला खावी लागली असती.

"बंद पडलाय," तो म्हणाला. "माझं लेथ मशीन भंगारवाला घेऊन गेला. टेम्पोत चढवायला मीच हात लावला."