चौकटीबाहेरचं बोट

सगळी गल्ली त्यांना उभेमास्तर म्हणायची. नवं जोडपं येवो की निवृत्त होणारा कारकून, मास्तरांनी काढलेला फोटो उभाच. मोठं कुटुंब आलं तर माणसं स्टुलांवर, बाकांवर एकावर एक रचायचे, पण कॅमेरा आडवा करायचे नाहीत. शेजारचा न्हावी चिडवायचा, "मास्तर, उद्या मगर आली फोटोला तर तिलाही शेपटीवर उभी कराल!"

"करीन की! शोभा उभं राहण्यातच आहे," मास्तर ऐटीत म्हणायचे.

खरी गोष्ट अशी, की स्टुडिओ म्हणजे नुसता बोळ. कॅमेरा आडवा धरला की रंगवलेला पडदा संपायचा आणि कडेला पावडरचा डबा, कंगवा आणि बाई दिसायच्या. बाई म्हणजे मास्तरांची बायको. गिऱ्हाइकाचा भांग सरळ करायचा, कॉलर बसवायची आणि शेवटी हनुवटीखाली एक बोट लावून मान तोलायची, हे सगळं त्यांचं. "आता हलू नका हं," म्हणत त्या एक पाऊल मागे सरायच्या, की इकडे खटका. नाटक रोज रंगायचं आणि बाई रोज विंगेत.

एका सकाळी कुणाचे तरी केस विंचरता विंचरता त्या कोसळल्या. अर्धं अंग गेलं. डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर बोलावून सांगितलं, आता यातून उठणं नाही. ते आत पडल्यापडल्या बाईंनीही ऐकलं.

"अहो," त्या संध्याकाळी म्हणाल्या, "भिंतीवर लावायला माझा एक फोटो शोधून ठेवा. उभा असलेला. मागाहून तुमची धांदल उडेल."

मास्तरांनी निगेटिव्हचे सगळे डबे पालथे घातले. परकी माणसं ताठ उभी राहून हसत होती. बाई कुठेच नव्हत्या. कुठे बाहीची कड, कुठे कोपर. एका लठ्ठ ठेकेदाराच्या हनुवटीखाली मात्र बोट राहून गेलं होतं. मास्तर ते बोट खिडकीच्या उजेडात धरून बसून राहिले. कॅमेरा नुसता आडवा केला असता, तर यातल्या प्रत्येक फोटोत ती उभी असती.

"सापडला?"

"नाही गं."

"मावलेच नसेन," बाई हसल्या. तोंडाची एकच बाजू हसली. "मग आत्ता काढा. आडवाच काढा. घाबरू नका, न्हाव्याला नाही सांगत."

मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा कॅमेरा आडवा धरला. बाई उशीपासून पावलांपर्यंत सबंध मावल्या. फोटो छापून झाल्यावर त्यांनी तो फिरवला आणि उभ्या चौकटीत बसवला. बाई उभ्या राहिल्या! क्षणभर मास्तरांचाही विश्वास बसला. मग केस दिसले, पाठीमागे सरळ ओढल्यासारखे. डोक्यावर उशाजवळची औषधाची बाटली अधांतरी आडवी झालेली.

तरी त्यांनी तो दाखवला. बाईंनी सवयीच्या नजरेनं नीट न्याहाळला.

"चांगला आलाय. फक्त हनुवटी खाली गेलीय. कुणीतरी बोट लावायला हवं होतं."

मास्तर वाकले. तिच्या हनुवटीखाली त्यांनी बोट लावलं. मान तोलली गेली. बोट काढलं, तशी पुन्हा कलली. त्यांनी पुन्हा लावलं आणि तसेच थांबले. कॅमेरा मागे स्टुलावर होता. तो धरायला घरात तिसरं कुणी नव्हतं.