चपटलेले मणी

कॉलेजात असताना मी उल्कापाषाणाचा एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. त्यातले मणी एके काळी वितळलेल्या दगडाचे थेंब होते, म्हणजे गोल असायला हवेत. आमच्या कापातले मात्र सगळे एकाच दिशेने चपटलेले होते. वरच्या थरांच्या वजनाने हळूहळू दबले असावेत, असं मी वहीत लिहिलं. सरांनी ते खोडलं.

"वजन कसलं? हा अवकाशातल्या टकरीचा मार. क्षणात झालेलं काम."

त्या वर्षी बाबा डिलाईल रोडच्या खोलीत बसून होता. गिरण्यांचा संप संपल्याचं कुणी सांगितलंच नाही आणि त्याची गिरणीही उघडली नाही. तो विणकर. पुढे कळलं, जुने साचे, म्हणजे कापडाचे माग, फोडून भंगारात घालायला गिरणीत माणसं घेतायत.

"जा ना बाबा. तुला साचे माहीत आहेत."

"माहीत आहेत म्हणूनच नको गो."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. दसऱ्याला साच्यांची पूजा व्हायची, तसा त्याने आपल्या साच्याला झेंडूचा हार घातला आणि मग घण उचलला. त्याच्यासोबत गेलेल्या शेजाऱ्याने हे मला हसत सांगितलं.

"तुझा बापूस येडा गो! फोडायचा त्यालाच हार?"

बाबा आला, जेवला, झोपला. पुढे एका इमारतीत वॉचमन झाला, माझ्या लग्नात नाचलासुद्धा. फक्त दसऱ्याला आईच्या शिलाई मशीनला हार घालू देत नसे.

टकरीनंतर दगड पुरेसा तापत राहिला, तर स्फटिकांच्या आतली मोडतोड भरून निघते. सूक्ष्मदर्शकाखाली ते धडधाकट दिसतात. मणी मात्र चपटेच राहतात.

बाबाच्या तेराव्याला नातेवाईक म्हणाले, संपाने माणूस हळूहळू खाल्ला. मी मान डोलावली. वहीतही मी तेच लिहिलं होतं.

आता मशीन माझ्याकडे आहे. यंदा दसऱ्याला झेंडूचा हार आणला, मशीनवरचं फडकं काढलं आणि हार हातात धरून उभी राहिले. मग तो बाबाच्या फोटोला घालावा म्हणून वळले, आणि शेजाऱ्याचं ते 'फोडायचा त्यालाच हार?' आठवलं. तिथेही हात वर जाईना.