पोळ्यांची टोपली

इथे आखातात, बनेद अल-गार भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर कोकणातल्या एक नर्सबाई राहतात. ड्युटी नसली की त्या टोपल्या विणतात. रस्त्यावरच्या खजुरी छाटल्या की बाई झावळ्या ओढत लिफ्टमध्ये शिरतात आणि पुढचे दोन दिवस त्यांच्या बाथटबात पाती भिजत पडतात. नवरा बिचारा अंघोळीला आमच्याकडे येतो. ज्यूसवाल्याकडून डाळिंबाच्या साली आणून त्या गंजक्या खिळ्यांबरोबर उकळतात, की झाला काळा रंग. मग पात्यांची जुडी गोल फिरवत दाभणाने टाके घालायचे आणि प्रत्येक टाक्याला "हं!" म्हणायचं. मध्येच कुणी बोललं तर, "थांब गो, फेरा पुरा होऊ दे."

मला त्यांनी पोळ्यांसाठी टोपली दिली होती. वर्षभरात तिच्यावर आमटीचे डाग पडले, कड उसवली. परवा बाई जेवायला आल्या, तेव्हा मी घाईघाईने ती फ्रिजवर लपवली आणि पोळ्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या. बाईंनी मान वर केली आणि सरळ हात घालून टोपली खाली काढली. मी शरमेने मेले.

त्यांनी कड चाचपली, डाग हुंगला आणि मग त्या खळखळून हसल्या. "अकरा घरांत दिल्या गो मी! सगळ्यांनी भिंतीला टांगल्या. तू एकटीनं वापरलीस!"

लगेच पर्समधून दाभण निघालं. ताटं वाढलेली होती, पण आम्ही सगळे गप्प बसून राहिलो. फेरा पुरा व्हायचा होता.