हळदीच्या अंगाची बाळंतीण

लढाई संपून हे घरी आले तेव्हा यांच्या एका हातात पत्र्याची ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात रॉकेलचा डबा. सासूबाई भाकरतुकडा ओवाळून टाकायला उंबऱ्यात उभ्या, आणि हे म्हणतात, "थांब आये, आदी ह्यास्नी सावलीत ठेवतो." मी आतल्या दाराआडून बघत होते. लग्नाची हळद उतरायच्या आत पलटणीत गेलेला माझा नवरा इतक्या वर्षांनी परत आला, तो रॉकेल घेऊन आला असं मला वाटलं. रॉकेल तेव्हा मिळत नव्हतं, त्यामुळे मला तेही चाललं असतं.

डब्यात मासे निघाले. बोटाएवढे, चपटे, हळदीच्या रंगाचे आणि कुशीवर एकेक काळा ठिपका. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या डब्यात वाकून म्हणाल्या, "तीट लावून आल्यात की गं." कोचीनकडच्या लष्करी इस्पितळात हे कितीतरी महिने पडून होते, तिथल्या खाडीतले हे मासे. मिरजेपर्यंत आगगाडीत मांडीवर डबा घेऊन बसले, आणि पाण्याला हवा लागावी म्हणून वाटभर टमरेलानं पाणी उपसून परत डब्यात ओतत आले. बायकोसाठी वाटेत चार पेढेसुद्धा घ्यावेत असं काही सुचलं नाही.

सांगलीहून यांनी काचेची पेटी करून आणली. लोखंडी चौकट, चार बाजूंना काचा, फटींत काच बसवायची लांबी भरलेली. तळाला कृष्णेची वाळू, एक कौलाचा तुकडा, आणि खाडीतले जीव म्हणून पाण्यात खडेमीठ. मीठ पडलेलं कळल्यावर सगळ्या कृष्णाकाठानं आमची चेष्टा केली. "गड्या, मीठ तर पडलं, आता मसाला कवा टाकतोस?" आमची पेटी होती सोप्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बसायच्या जागी. त्यामुळे आलेला प्रत्येक माणूस काचेवर टिचकी मारल्याशिवाय उठत नसे.

मला त्या माशांचा राग होता, तो कशाला लपवू? हे शेतावर जात नसत, कुणाच्या बैठकीत बसत नसत, जेवणाचं ताट पेटीपाशी मागवत. माझ्याशी बोलणं म्हणजे "पानी दे" आणि "दार लोट". मी तासगावची, चार बुकं शिकलेली, माहेरी तोंडाळ म्हणून नाव कमावलेली. इथं बोलायला माणूसच नाही. खोलीत आले तरी हे भिंतीकडं तोंड करून पडत. नवरा आहे आणि नाहीही, अशी ती गत होती.

माशांची एक जोडी जमली होती. ती दोघं कौलाला अंडी चिकटवत, पंखांनी त्यांना वारा घालत, दुसरा मासा फिरकला तर अंगावर धावून जात. ते बघताना यांच्या तोंडावर थोडी कळा येई. आणि मग कुणीतरी पाहुणा येई, टिचकी मारी, पोरं काचेला नाक लावत, आणि दुसऱ्या दिवशी कौल साफ. आई-बापांनीच अंडी गिळलेली. असं झालं की हे जेवत नसत. पुन्हा अंडी, पुन्हा तेच. एकदा दुपारी असंच कौल साफ झालेलं बघून हे आत्याबाईंना म्हणाले, "ह्यांची जात पोरं टाकत न्हाई म्हनून आनली, आये. हितं आल्यावर ही बी बाटली. मी जातो म्हमईला. गोदीत पलटनीतला सोबती हाय."

"आन् ही?" आत्याबाईंनी माझ्याकडं हात केला.

"हिला म्हायेरी धाडा."

चुलीपुढं मी भाकरी थापत होते. भाकरी तशीच हातात राहिली. टाकलेली बाई म्हणून तासगावात कशी राहू, हा विचार आधी आला. आणि या माणसाचं दुःख काय आहे हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, हा मागून आला. त्या दुसऱ्या विचारानं जास्त रडू आलं.

आत्याबाई रडल्या नाहीत. त्या उठल्या, सोप्यात गेल्या आणि पेटीपुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आरं, समदं गाव तिच्या तोंडावर बसवलंस," त्या म्हणाल्या. "बाळंतीण अशी सोप्यात ठेवत्यात व्हय? नजर लागंल न्हाई तर काय व्हईल? ही एक खेप माज्या हाती दे. मग जा कुटं जायाचं तिकडं."

आईचं मन मोडवत नाही म्हणून हे तेवढ्यापुरते थांबले. पाणी बादल्यांनी उपसून पेटी माजघरात आली, बाळंतिणीची खाट पडते त्या कोपऱ्यात. काही दिवसांनी मादीनं पुन्हा कौलावर अंडी घातली, आणि आत्याबाईंनी माशाचं रीतसर बाळंतपण मांडलं. पेटीला चहूबाजूंनी काळी घोंगडी लावली. माजघराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. सांजसकाळ ओवा-शेपांची धुरी घातली. पाण्यात राहणाऱ्या जिवाला धुराचा काय उपयोग, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तुला बाळंतपन ठावं हाय का? मग गप ऱ्हा." डिंकाच्या लाडवाचा चुरा पाण्यात टाकायला निघाल्या, तेवढा मात्र मी अडवला. घोंगडीचं एक टोक वर करून हौदातल्या डासांच्या अळ्या टाकायच्या, हे काम माझं. बाकी कुणी आत डोकावायचं नाही. यांनीसुद्धा नाही, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम?

पाटलांच्या घरच्या बायका मासे बघायला आल्या, तर आत्याबाईंनी त्यांना सोप्यातच बसवून गूळपाणी दिलं. "आत बाळंतीण हाय. कवा दावायचं ते आमी सांगू." बायका पदर तोंडाला लावून हसत गेल्या. मलाही हसू येत होतं, आणि लाजही वाटत होती.

पाचवीला पाटा-वरवंटा पुजला. हळद-कुंकू वाहून आत्याबाईंनी यांना हाक मारली आणि स्वतः घोंगडीचं टोक उचललं. कौल साफ होतं. एक अंडं नव्हतं. हे माघारी वळले. सोप्यात जाऊन ट्रंकेला दोरी बांधू लागले.

आत्याबाईंचं तोंड उतरलं, पण घोंगडी त्यांनी काढली नाही. "पाचवी झाली म्हंजी बाळंतपन सपतं व्हय?" असं पुटपुटत त्यांनी टोक पुन्हा खाली सोडलं, आणि मुलाला बजावलं, "आवस तोंडावर हाय. आवस झाल्याबिगर घर सोडायचं न्हाई." मला वाटलं, म्हातारीला आता काही उपाय उरला नाही, म्हणून अमावास्या पुढं केली. आवस होईतो ट्रंक बांधलेली तशीच सोप्यात पडून होती, आणि जाता-येता माझा पाय तिला लागायचा.

अखेर आवस सरली, दुसरा दिवस उजाडला. हे आईच्या पाया पडून, ट्रंक खांद्यावर घेऊन सर्व्हिस मोटारीच्या फाट्यावर गेले. जाताना माझ्याकडं एकदा बघितलं. मी सवयीनं अळ्यांचं भांडं घेऊन माजघरात शिरले. घोंगडीचं टोक वर केलं, आणि हात तसाच थांबला.

वाळूत एक खळगा पडला होता आणि त्याच्यावर बारीक पिल्लांचा घोळका तरंगत होता. अंडी फुटल्याबरोबर जोडीनं पोरं कौलावरून वाळूत नेली होती. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात आम्हालाच ती दिसली नव्हती. एक पिल्लू बाजूला भरकटलं. नर झेपावला आणि त्यानं ते तोंडात घेतलं. गिळलं, असं म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर त्यानं ते अलगद घोळक्यात सोडून दिलं होतं. आणि मादी खळग्यावर अगदी स्थिर उभी होती. पिल्लं येत होती, तिच्या कुशीला तोंड लावत होती, तिच्या अंगावरचं बुळबुळीत काहीतरी खात होती. ती हलत नव्हती. मग पिल्लं नराकडं गेली, तोही तसाच उभा राहिला.

भांडं तिथंच टाकून मी धावले. भर रस्त्यानं, पदर सावरायचंही भान नव्हतं. फाट्यावर गावातली माणसं मोटारीची वाट बघत बसलेली. चारचौघांत नवऱ्याशी बोलणं तेव्हा बाईला शोभत नसे, आणि मी तर घरातही धड बोललेली नव्हते. "आवं," मी म्हणाले, "घरला चला. पोरं जिवंत हायती. दोघांच्याबी अंगावर पित्यात."

हे उठले. ट्रंक तिथंच राहिली. ती नंतर कुणीतरी आणून टाकली.

माजघरात घोंगडीच्या आत डोकं घालून आम्ही दोघं बसलो. जागा अपुरी, यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. नर एक भरकटलेलं पिल्लू तोंडात धरून आणत होता, ते यांनी बघितलं. मग बोलायला लागले, पाण्याकडं बघतच. ब्रह्मदेशातून पलटण पायी माघारी आली, त्या वाटेवर यांनी पळून निघालेल्या लोकांची लेकरं पाहिली होती. चालवेना म्हणून आईबापांनी झाडाखाली बसवून ठेवलेली. एक मुलगी यांच्याकडं हात करत होती. हुकूम थांबायचा नव्हता. "मी फुडं गेलो," एवढंच म्हणाले. पुढं इस्पितळात खिडकीखालच्या पाण्यात हे मासे दिसले, पिल्लांना न सोडणारे. तेवढ्या आधारावर हे जगले, आणि आमच्या सोप्यात त्याच माशांनी पोरं खाल्लेली बघून तोही आधार सुटला होता.

मी यांचा हात धरला. यांनी तो काढून घेतला नाही. स्वयंपाकघरातून आत्याबाईंचा भांडी आपटल्याचा आवाज येत होता. त्या मुद्दाम आत येत नव्हत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

म्हातारीला माशांतलं काही कळत नव्हतं. धुरी, पाटा, तीट, सगळं आपलं माणसाचं होतं. पण पोरं सांभाळणाऱ्याला अंधार द्यावा, गप्पपणा द्यावा आणि लोकांना दाराबाहेर ठेवावं, एवढं तिला पुरतं ठाऊक होतं. आपल्या मुलालाही तेच हवं होतं, हे तिला कळत होतं का, मी कधी विचारलं नाही. तिनं माझा संसार राखला. तिचं ऋण मी जन्मभर मानत आले.

पुढं माझं पहिलं बाळंतपण आलं. रीतीनं तासगावला जायचं, पण यांनी जाऊ दिलं नाही. तेव्हाही गाव हसलं. त्याच कोपऱ्यात माझी खाट पडली आणि दाराला तीच काळी घोंगडी आली, माशांच्या पाण्याचा वास अजून तिला होता. मुलगी झाली. बघायला बायका आल्या तेव्हा आत्याबाई घरामागं परड्यात होत्या. उंबऱ्यात हे बसले होते, मांडीवर कडुलिंबाचा डहाळा घेऊन. आतून मला यांचा आवाज ऐकू आला.

"आत बाळंतीण हाय. कवा दावायचं ते आमी सांगू."