बाद पुडे

फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या मैदानावर, ठेकेदाराच्या मुन्शीनं माझा तेंदूपत्त्याचा पुडा पायाच्या बोटानं उलटा केला. वाकलासुद्धा नाही. म्हणाला, "बाद." मग पुढचा. तोही बाद. डोक्यावरून आणलेलं सगळं ओझं त्यानं पायानंच बाजूला सारलं. रांगेतल्या बाया जमिनीकडे बघत होत्या. पानं चांगली होती. आदल्या दिवसापर्यंत तो माझे पुडे न बघता घेत होता.

आदल्या दिवशी त्यानं मला बारदान आणायला फळीवरच्या झोपडीत पाठवलं आणि मागून आला. मी ओरडले, चावले. बाहेर वाळत घातलेले पुडे पलटणाऱ्या बायांनी ऐकलं. त्यानं करायचं ते केलंच. यापुढचं सांगवत नाही.

त्या संध्याकाळी सासूला सांगितलं. नवरा अहेरीकडे बांबू तोडायला गेलेला. सासू चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, अब्रू गेली, आता घरी बस. पण ह्याच कामावर आमचं वर्षाचं मीठ, लुगडं आणि पावसाळ्यातलं पोट होतं. घरी बसून खायचं काय, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आत काही हलतच नव्हतं. सकाळी उठून गेले आणि बाद झाले.

तिसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारात हाक आली नाही. अस्वलाच्या भीतीनं रानात एकटी कुणी जात नाही, बाया एकमेकींना हाका मारत निघतात. शेजारची सखूबाई म्हणाली, "तुह्या संगं दिसलो तं आमचेही बाद करन, बाई." खोटं नव्हतं ते. राग आला, पण तिच्यावर धरता येईना.

एकटीच गेले. रानाच्या काठावरची पानं तोडली. फळीवर पुन्हा बाद. बाद पुडा परत मागायचा नाही, ही तिथली रीत. आपलंच काम खराब, असं समजून बाई मान खाली घालून निघून जाते. माझ्यात चालायचं बळ नव्हतं, म्हणून मोहाच्या झाडाखाली बसून राहिले. ऊन कललं तशी त्याच्या माणसांनी माझे बाद पुडे उचलले आणि चांगल्या पुड्यांच्या रांगेत वाळायला मांडले. फुकटात. किती उन्हाळे हेच चाललं होतं, आणि आम्ही लाजून घरी जात होतो.

मी उठले आणि रांगेतून माझे पुडे वेचू लागले. माझी गाठ मला ओळखू येते. मुन्शी धावत आला. आजवर मी त्याला मुन्शीजी म्हणत होते.

"बाद हायेत ना? मंग माहे मले दे," मी म्हटलं. "नाई तं मजुरी दे."

तो म्हणाला, "झोपडीतून निघाली अन् वरून तोंड करते. लाज नाई काय तुले?"

मग झोपडीत काय झालं ते मी पुडे पलटणाऱ्या बायांसमोर सांगितलं. बाजारात धानाचा भाव सांगावा तसं. आणि उरलेले पुडे वेचून डोक्यावर घेतले.

पुडे घरी आणले. दुसरा घेणारा नव्हता, पानांचा चुरा झाला. अब्रूचं काय झालं ते मला कळत नव्हतं. मजुरी गेली आणि ती त्याच्याकडे आहे, एवढं कळत होतं. उद्याही मी पानं तोडणार होते, त्याच फळीवर नेणार होते. तो जेव्हा जेव्हा बाद म्हणेल, तेव्हा मी झोपडीतलं ते पुन्हा सगळ्यांसमोर सांगणार होते.