संध्याकाळच्या गाडीनं येणारी बाई

इथले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर डबा खाताना करमणूक म्हणून. भानामती, बाहेरचं, लागीर... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. अर्धं आयुष्य लोकांचं रक्त मशीनमध्ये घालून जे येईल ते लिहिण्यात गेलं. घरात कुणाला ताप आला की सासूबाई मीठ-मिरच्या उतरवायच्या आणि मी सीबीसी करायचे. दोघीही आपापल्या जागी समाधानी. त्यामुळं हे लिहिणं मलाच अवघड जातंय.

गावाचं नाव देत नाही. तिथं माणसं राहतात. उद्या कुणाला घर विकायचं असलं तर माझ्यामुळं अडचण नको.

माझ्या मिस्टरांना दमा आहे. शाळेत चित्रकला शिकवायचे, तब्येतीमुळं लवकर निवृत्ती घेतली. आमचा फ्लॅट नांदेडात, मोठ्या रस्त्यावर, आणि खाली रस्त्याचं काम कधी संपलंच नाही. एका हिवाळ्यात दोनदा ॲडमिट करावं लागलं. दुसऱ्या वेळेस डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषधं मी देतोच हो, पण आधी यांना या धुळीतून काढा. पुढचा अटॅक कसा असेल सांगता येत नाही."

आता धुळीतून काढायचं म्हणजे गावाकडं न्यायचं. पण घर माझ्या पगारावर चालत होतं, म्हणून नोकरी नांदेडात आणि घर गावात — रोज जाऊन-येऊन. मी चार महिने रविवारी घरंच बघत होते. पाणी कसं आहे, गाडी कधी आहे, मोबाईलला रेंज आहे का, डॉक्टर किती लांब... लोक झाडं-बिडं बघतात, मी विजेची डीपी कुठं आहे ते बघायचे.

शेवटी दोन घरं उरली. एक अर्धापूरजवळ, केळीच्या बागांना लागून. दोनच खोल्या, स्वयंपाकघरावर पत्रे, दिसायला अगदी सामान्य. पण डबा गरम असतानाच लॅबला पोचेन एवढ्या अंतरावर. दुसरं भोकर रोडवर, फाट्यावर उतरून थोडं चालत आत. तिथून नांदेड लांब, संध्याकाळची एकच सोयीची गाडी. पण घर! पक्कं स्लॅबचं, पुढं ऐसपैस ओसरी, दारात लिंब, मागं सीताफळं, विहिरीला भर उन्हाळ्यात पाणी. मालक रिटायर होऊन लातूरला मुलाकडं राहायला गेलेले. घर वर्षभर बंद होतं.

ते बघायला आम्ही गेलो तेव्हा माझी नणंद उज्ज्वला उदगीरहून आली होती. मिस्टरांनी काय केलं, तर पंप न घेता जिन्यानं सरळ गच्चीवर गेले. वरून ओरडले, "सुनंदा, वर ये! काय हवा आहे!" फ्लॅटचे दोन जिने चढताना तीनदा थांबणारा माणूस. मी खाली उभी राहून मनात म्हटलं, झालं. हेच घर.

निघायच्या वेळी, घर दाखवायला लातूरहून आलेले मालक मिस्टरांना विहीर दाखवायला मागं घेऊन गेले. शेजारच्या चंद्रकलाबाई — साठीच्या, एकट्या राहणाऱ्या — कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. घरी आलेल्या बाईला हळदीकुंकू लावल्याशिवाय आमच्याकडं कुणी जाऊ देत नाही. त्यांनी उज्ज्वलाला लावलं. मग माझ्याकडं वळल्या आणि... नुसते हात जोडले.

उज्ज्वलाला गप्प बसणं माहीत नाही. "अहो मावशी, आमच्या वहिनीला राहिलं की!"

चंद्रकलाबाई ओशाळल्या. "यांना कसं लावू, माय?"

"का? काय झालं वहिनीला?"

मला तर ही प्रथाच पटत नाही. नवरा नसलेल्या बाईला वगळून कुणाचं काय भलं होतं, कुणास ठाऊक. पण माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर टिकली होती. मी हसून म्हटलं, "मावशी, मी पहिल्यांदाच आले इथं. तुमची काहीतरी गल्लत होतेय."

"पहिल्यांदा कशानं?" त्या माझ्याकडं नीट बघत म्हणाल्या. "रोज संध्याकाळच्या गाडीनं येता की तुम्ही. खाली मान घालून आत जाता. म्या चार डाव हाक मारली, तर वळून बी पाहात न्हाई. म्हणलं जाऊ द्या, दुःख हाय बाईला. साहेबांचा फोटो बी पाह्यला म्या खिडकीतून. हार घातलेला."

आम्ही आत्ताच आतून आलो होतो. आत भिंतींवर खिळासुद्धा नव्हता.

तेवढ्यात मिस्टर घरामागून आले. "विहीर एक नंबर आहे!" म्हणाले. चंद्रकलाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि कोयरी हातातून सुटली. ओसरीभर कुंकू. त्या मागं मागं सरकत आपल्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

"काय झालं यांना?" मिस्टर म्हणाले.

"चक्कर आली असेल," मी म्हटलं.

मालक हळू आवाजात म्हणाले, "मनावर घेऊ नका. एकट्या राहून राहून जरा डोक्यावर परिणाम झालाय." मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

नांदेडला आल्यावर उज्ज्वलानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "वहिनी, हे घर घ्यायचं नाही."

"कुंकू लावलं नाही म्हणून घर सोडू? तुझ्या दादाचा श्वास पाहिलास का तिथं?"

"पाहिला. आणि त्या बाईचं तोंडही पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती."

"खोटं नाही, आजारी आहे ती."

"मग आजारी बाईच्या शेजारात दादाला दिवसभर एकटं ठेवणार का?"

हा मुद्दा मात्र बरोबर होता. मी लॅबमध्ये असणार, हे घरी. रात्री-अपरात्री सोडा, दिवसाही हाकेला धावून येणारं माणूस तेच एक. मालकांनी त्याच आठवड्यात निर्णय सांगा म्हणून फोन केला होता, दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. मग मी ठरवलं, लॅबमधून सुटून थेट त्या संध्याकाळच्या गाडीनं जायचं. रोजचा प्रवास झेपतो का तेही कळेल आणि चंद्रकलाबाईंशी शांतपणे दोन गोष्टी बोलता येतील. घरी सांगितलं, एका पेशंटचं सॅम्पल घ्यायला जातेय.

गाडीला गर्दी होती, अर्धापूरच्या पुढं बसायला मिळालं. फाट्यावर उतरले तेव्हा चांगलं ऊन होतं. माझ्याबरोबर दुधाचे कॅन घेतलेला एक माणूस आणि शाळेच्या दोन मुली उतरल्या. दुसरं कुणी नाही. मी मुद्दाम पाहिलं. माणूस आणि मुली उलट्या बाजूच्या वस्तीकडं गेले. घराकडं जाणाऱ्या रस्त्यावर मी एकटी होते. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना हरभरा, लपायला झुडूप नाही.

चंद्रकलाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मला पाहून सूप तसंच अधांतरी राहिलं.

"तुम्ही आत्ता तर गेलात आत," त्या म्हणाल्या.

"मी आत्ता येतेय, मावशी. हे बघा, फाट्यावरून."

"हाव, फाट्यावरूनच आलात. ह्याच बॅगेसंगं, म्होरून गेलात माझ्या." त्यांनी बंद घराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि बोट माझ्याकडं करून, दुसऱ्या कुणाला विचारावं तसं स्वतःशीच म्हणाल्या, "मग ह्या कोण?"

घर घेणाऱ्या बाईच्या डोक्यात त्या क्षणी काय यावं? माझ्या डोक्यात आलं — आत कुणीतरी चोरून राहतंय. मालक लातूरला, घर रिकामं, माझ्यासारखी दिसणारी कुणी गरजू बाई असेल. असं असेल तर व्यवहाराआधी कळलेलं बरं. बघा, मी किती शहाणी!

पुढच्या दाराला कुलूप होतं, मालकांनी आमच्यासमोर लावलं तेच. मी घराला वळसा घातला. मागच्या दारावर बाहेरून फळ्या ठोकलेल्या, त्यांवरची कोळिष्टकं जशीच्या तशी. खिडक्यांना गज. पुन्हा पुढं आले. ओसरीच्या फरशीवर परवाचं कुंकू अजून दिसत होतं. ते कुणी तुडवलेलं नव्हतं.

मी कडी वाजवली.

आत काहीतरी हललं. स्टूल सरकवल्यासारखं. मग आतून आवाज आला, "कोण?"

आपलाच आवाज व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड करून ऐकला की कसा परका वाटतो, ठाऊक आहे ना? तसा. माझा होता. दिवसभर उभं राहून घरी गेल्यावर, बेल वाजली की मी ज्या त्रासिक सुरात विचारते, अगदी त्याच सुरात.

पळून जावं हे सुचलं, पण मी तळहात दारावर टेकवला. आणि मग मी जे केलं त्याचं मलाच अजून नवल वाटतं. मी प्रश्न विचारला. एवढं सगळं होतंच आहे तर कामाचं तेवढं विचारून घ्यावं, असा काहीतरी विचार असेल. मी दाराला तोंड लावून म्हटलं, "यांना काय झालं होतं?"

मग पावलं. दाराच्या पलीकडं येऊन थांबली. कुणीतरी आतून दाराला टेकलं — फळी माझ्या तळहाताखाली किंचित दबून बाहेर आली, कुलूप कडीत खणखणलं.

"मी नांदेडातच होते," ती म्हणाली. "फोन बॅगेत होता."

आमच्या लॅबचा नियम आहे — सॅम्पल घेताना, मशीनवर असताना फोन बॅगेत, बॅग कपाटात. सकाळी गर्दी असली की तास-तास फोन बघता येत नाही. हे गावात कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. उज्ज्वलालाही माहीत नव्हतं.

मी फाट्यापर्यंत पळत आले. या वयात, या गुडघ्यांनी. चंद्रकलाबाई मागून काहीतरी ओरडत होत्या, मी थांबले नाही. रस्त्यावर उभी राहून मिस्टरांना फोन लावला. रिंग वाजत राहिली... वाजत राहिली... शेवटी उचलला.

"काय गं?" ते म्हणाले. "धापा का टाकून राहिलीस? दमा मला आहे का तुला?"

मी फोन तसाच कानाला लावून ठेवला. भाजी काय आणू विचारलं. त्यांनी मेथी सांगितली.

दुसऱ्या दिवशी मालकांना नाही म्हणून कळवलं. मिस्टरांना सांगितलं की गाडीचं जमणार नाही, प्रवास झेपणार नाही मला. आठवडाभर ते माझ्याशी धड बोलले नाहीत. उज्ज्वलाला तेवढं खरं सांगितलं. तिनं एकदाच विचारलं, "मग अर्धापूरच्या घरातून तरी तू नांदेडलाच जाणार ना?"

तोच प्रश्न मला झोपू देत नव्हता. ते वाक्य भोकर रोडला जितकं लागू होतं, तितकंच अर्धापूरलाही. आम्ही केळीच्या बागेजवळचं ते सामान्य घर घेतलं आणि मी नांदेडची नोकरी सोडली. अर्धापुरातच रक्ताचे नमुने घेणाऱ्या एका कलेक्शन सेंटरला काम धरलं. पगार निम्म्याच्या आसपास. इतक्या वर्षांची नोकरी कशी सोडली म्हणून लॅबमधल्या मुली अजून विचारतात. घराजवळ बरं पडतं, एवढंच सांगते.

मागच्या पावसाळ्यात एकदा यांना मोठा अटॅक आला, भर सकाळी. बाहेरची हवा दमट झाली होती. मी घरातच होते. स्कूटीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आणि श्वास शिटीसारखा. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. यावरून मी काही सिद्ध करत नाही. असे अटॅक आधीही आले होते, त्यातूनही ते उठले होते. भोकर रोडच्या कोरड्या हवेत तो आलाच नसता, असंही कुणी म्हणेल. तेही खोडून काढता येत नाही मला.

चंद्रकलाबाईंना कमी दिसत असेल. मी घाबरलेली होते, मनातलंच कानानं ऐकलं असेल. हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. पण आतून दबलेली ती फळी माझ्या हाताखाली होती, आणि कुलूप बाहेरून होतं. याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असलं तर सांगा, मी ऐकेन.

यांना यातलं काहीच माहीत नाही. घरी पाहुणे आले की अजून सुरू करतात — "भोकर रोडला काय घर होतं सांगू तुम्हाला! विहीर काय, गच्ची काय! पण हिला गाडीचा कंटाळा, म्हणून सोडलं." पाहुणे माझ्याकडं बघतात. मी म्हणते, हो, मलाच कंटाळा. आणि चहा ठेवायला आत जाते. आतून ऐकू येत राहतं, सीताफळांपर्यंत पोचलेले असतात. मधेच खोकतात, पुन्हा सुरू करतात. त्यांचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून मी गॅस जरा बारीकच ठेवते.